गाडी इथेच बनवायची! सोलापूरच्या वालचंदांचा हट्ट

पांढुर्णा : नागपूर-भोपाळ हायवेने पांढुर्णा ओलांडणारे ट्रक असोत, की सौंसरची संत्री घेऊन नागपूरच्या मंडीकडे निघालेल्या गाड्या, या गाड्या देशातच बनतात याचं आज कुणाला नवल वाटत नाही. नव्वद वर्षांपूर्वी तसं नव्हतं. परदेशी कंपन्या सुटे भाग जहाजाने मुंबईला आणायच्या, इथे फक्त जोडायच्या आणि विकायच्या. गाडी इथेच बनली पाहिजे, हा हट्ट धरणाऱ्यांत वालचंद हिराचंद सर्वांत पुढे होते.

त्यांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 चा, सोलापूरचा. घराणं मूळचं गुजराती जैन, धंदा कापडाचा अन् सावकारीचा. वालचंदांचं मन त्यात काही रमलं नाही. रेल्वेत कारकून राहिलेल्या लक्ष्मणराव फाटकांना भागीदार करून त्यांनी बार्शी लाईट रेल्वेचं काम घेतलं. एकाजवळ पत, दुसऱ्याजवळ कामाची माहिती. हीच रीत त्यांनी जन्मभर पाळली. पुढे टाटांच्या साथीने बांधकामाची कंपनी चालवली, बोरघाटात रेल्वेचे बोगदे खोदले. 1919 मध्ये नरोत्तम मोरारजींसोबत सिंधिया कंपनीचं ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून इंग्लंडला रवाना केलं.

मोटारीचं कामही एकट्याच्या बळावर होणारं नव्हतं. म्हैसूरचे माजी दिवाण, इंजिनिअर विश्वेश्वरय्या यांनी मोटार कारखान्याची योजना तयार केली होती. ते शिकले पुण्यात आणि नोकरीची सुरुवातही त्यांनी मुंबई प्रांतातच केलेली. वालचंदांनी ती योजना उचलून धरली. बाळासाहेब खेरांचं मुंबई सरकारही अनुकूल होतं. तंत्रज्ञानासाठी वालचंद थेट अमेरिकेत गेले, क्रायस्लर कंपनीशी बोलणी जमवली. अडलं ते दिल्लीत. इंग्रज सरकारने मदतीचा हात काही पुढे केला नाही आणि युद्धाची वर्षं तशीच निघून गेली.

वालचंद तरी स्वस्थ बसले नाहीत. डिसेंबर 1940 मध्ये म्हैसूर संस्थानाला भागीदार करून त्यांनी बंगलोरला विमानाचा कारखाना काढला, 1941 मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा. अखेर 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन झाली आणि 1947 मध्ये मुंबईच्या कुर्ल्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. सुरुवात जोडणीपासूनच झाली, पण हळूहळू सुटे भागही इथेच बनू लागले. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी याच कारखान्याची.

8 एप्रिल 1953 रोजी गुजरातमधल्या सिद्धपूरला वालचंदांचं निधन झालं. विमानाचा कारखाना त्यांच्या हयातीतच सरकारकडे गेला होता. प्रीमियरही पुढे नव्या तंत्रात मागे पडली. म्हणजे बाहेरून तंत्र आणणं हे अर्धंच काम. ते शिकून दर पिढीत नवं करत राहिलं तरच कारखाना टिकतो.

ही गोष्ट आपल्याला लागू पडते. 2023 मध्ये सौंसर तहसील सोबत घेऊन पांढुर्णा जिल्हा झाला. तिकडे पुण्यात 1966 पासून वाहनसंशोधनाची एआरएआय संस्था आहे, इकडे पीथमपूरला 11.3 किलोमीटरचा चाचणी ट्रॅक आहे. फोर्स मोटर्सचे कारखाने तर आकुर्डी आणि पीथमपूर अशा दोन्हीकडे आहेत. नागपुरात ट्रॅक्टर बनतात. कारखान्यांनी राज्याची हद्द कधीच ओलांडली आहे.

आपली पोरं घरी मराठी आणि शाळेत हिंदी बोलतात, दोन्हीकडे सहज वावरतात. आयटीआयचं शिक्षण दोन्ही राज्यांतल्या कारखान्यांशी जोडलं गेलं, सुट्या भागांचे लहान उद्योग बोरगावसारख्या औद्योगिक क्षेत्रात आले, तर पोरांना घर सोडून लांब जावं लागणार नाही. सोलापूरच्या माणसाने म्हैसूर, मुंबई आणि अमेरिकेची सांगड घातली. सौंसरहून नागपूर तर दोन तासांच्या आत आहे.