नोकरी गेली, पदवी नव्हती, पण याच माणसामुळे आज ठाण्याच्या खाडीतले पक्षी मोजता येतात

घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलात की एका बाजूला येऊरचे डोंगर दिसतात. दुसऱ्या बाजूला टॉवर, आणि त्यांच्या मागे खारफुटी आणि खाडी. उल्हास नदी इथूनच पुढे वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते, तर तिचा एक चिंचोळा फाटा ठाणे खाडीला जाऊन मिळतो.

आता या खाडीत पूर्वी कोणते पक्षी यायचे, हे कसं कळणार? त्यासाठी कुणीतरी आधी लिहून ठेवलेलं असावं लागतं. ते काम ज्यांनी केलं, त्यातलं मोठं नाव म्हणजे डॉ. सलीम अली.

जन्म १२ नोव्हेंबर १८९६, मुंबईचा. आईवडील लहानपणीच गेले, मामांनी खेतवाडीत वाढवलं. एकदा छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली, तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग. ही कुठली चिमणी, हे विचारायला पोरगा थेट बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेला. तिथले सचिव मिलार्ड यांनी त्याला पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला आणि गडी पक्ष्यांचाच झाला.

पुढचा रस्ता मात्र सोपा नव्हता. विद्यापीठाची पदवी हातात नव्हती. म्युझियममध्ये गाइडची नोकरी लागली, तिथून रजा घेऊन ते बर्लिनला एर्विन श्ट्रेसेमान यांच्याकडे शिकायला गेले. १९३० मध्ये परत आले, तर नोकरीच उरली नव्हती. मग पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. तिथे महिनोन्‌महिने सुगरणीची घरटी बघत बसले आणि बघेल ते लिहीत गेले. त्या अभ्यासानं त्यांचं नाव झालं.

याच काळात त्यांनी हुमायून अब्दुलअलींसोबत मुंबई आणि साष्टीतल्या पक्ष्यांची यादी तयार केली. १९३६ पासून ती सोसायटीच्या जर्नलमध्ये क्रमशः छापून आली. साष्टी म्हणजे मुंबईची उपनगरं आणि ठाणे. घोडबंदर तिच्या उत्तर टोकाला. म्हणजे आपल्या खाडीकाठचा जवळपास ९० वर्षांपूर्वीचा हिशेब आजही हाताशी आहे.

१९४५ मध्ये ते कच्छच्या रणात फ्लेमिंगोंची वसाहत बघायला गेले. १९५९ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचं मोठं काम सुरू झालं. कुठला पक्षी कुठून येतो, हे त्यातून उलगडू लागलं.

१९८७ मध्ये ते गेले. त्यानंतर काही वर्षांतच ठाणे खाडीत फ्लेमिंगो मोठ्या संख्येनं दिसू लागले. २०१५ मध्ये तिथे अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला. त्याच वर्षी सोसायटीनं इथल्या सहा फ्लेमिंगोंना ट्रान्समीटर लावले. कडीच्या जागी जीपीएस आलं, प्रश्न तोच राहिला.

पण फ्लेमिंगो वाढले म्हणजे खाडी सुधारली, असं नाही बरं का. सांडपाण्यामुळे शेवाळ वाढतं आणि लहान फ्लेमिंगो तेच खातात, हे यामागचं एक कारण मानलं जातं. म्हणून एका वर्षाचा आकडा पुरत नाही. भराव पडला, खारफुटी तुटली, तर नेमकं काय गेलं हे जुन्या नोंदीवरूनच दाखवता येतं. नोंदच नसेल, तर इथे कधी काही नव्हतंच, असं म्हणायला कुणीही मोकळं.