पंच फ्रँक टॅरंट

हिंदुस्थानच्या भूमीवरील पहिला कसोटी सामना १५ डिसेंबर १९३३ रोजी मुंबईच्या जिमखाना मैदानावर सुरू झाला. लाला अमरनाथ यांचे ११८ धावांचे शतक आजही आठवले जाते; परंतु त्या सामन्यात पंचाची जबाबदारी सांभाळणारे फ्रँक टॅरंट मात्र विस्मृतीत गेले.

टॅरंट यांचा जन्म ११ डिसेंबर १८८० रोजी मेलबर्न येथे झाला. तरुणपणीच ते इंग्लंडला गेले व मिडलसेक्स संघाचे आधारस्तंभ ठरले. उजव्या हाताने फलंदाजी आणि डाव्या हाताने फिरकी. १९०७ ते १९१४ या आठही हंगामांत त्यांनी हजार धावा व शंभर बळी अशी दुहेरी कामगिरी केली. एकूण १७,९५२ धावा आणि १,५१२ बळी! तरीही ऑस्ट्रेलिया वा इंग्लंड, कोणाकडूनही कसोटी खेळण्याचा योग त्यांना आला नाही. ज्याला खेळाडू म्हणून कसोटीचे दार उघडले नाही, तो पंच म्हणून त्या दारातून आत आला, हे नवलच म्हणावे लागेल.

हिंदुस्थानात त्यांना कूचबिहार व पुढे पतियाळा या संस्थानांच्या महाराजांचा आश्रय लाभला. १९१८ साली पुण्यात लॉर्ड विलिंग्डन यांच्या संघाविरुद्ध त्यांनी नाबाद १८२ धावा काढल्या आणि एकाच डावात ९० धावांत दहाही गडी बाद केले.

अशा राजाश्रित गृहस्थाने पंच व्हावे काय? पतियाळा नरेश हे हिंदी क्रिकेटचे मोठे आश्रयदाते होते, त्यामुळे शंकेला जागा होतीच. दुसरीकडे, पायचीताचा निर्णय देण्यास त्यांच्याइतका अनुभवी फिरकी गोलंदाज मिळणेही कठीण. मुंबईचा सामना इंग्लंडने नऊ गडी राखून जिंकला. तरीही त्यांच्या पंचगिरीवर इंग्लंडचे कर्णधार डग्लस जार्डीन यांची नाराजी राहिली. दोन कसोटींनंतर, १९३४ च्या फेब्रुवारीत मद्रासला झालेल्या तिसऱ्या कसोटीत टॅरंट पंच नव्हते. त्याच कसोटीत पतियाळाचे युवराज यादविंद्रसिंह हिंदुस्थानकडून खेळले. टॅरंट त्या वेळी पंच असते, तर शंकेखोरांना आणखी एक निमित्त मिळाले असते.

पंचपद सुटले तरी हिंदुस्थानशी असलेला त्यांचा संबंध सुटला नाही. १९३५-३६ मध्ये महाराजांच्या खर्चाने जॅक रायडर यांच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलियन खेळाडूंचा संघ येथे आला, तो टॅरंट यांच्याच खटपटीने. २९ जानेवारी १९५१ रोजी मेलबर्न येथे त्यांचे निधन झाले.