बाबासाहेबांचं मतांचं गणित

अर्थशास्त्रज्ञ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकारासाठी साक्ष दिली. १९३२ च्या पुणे करारानं राखीव जागा आल्या. पण अंतिम निकाल बहुसंख्यांच्याच हाती. म्हणून १९५५ मध्ये, भाषावार राज्यांवरच्या पुस्तकात, त्यांनी उपाय सुचवला: एका मतदारसंघात दोन-तीन जागा, जागांइतकीच मतं आणि ती सगळी एकालाच देण्याची मुभा. तीन जागा असतील तर पाव हिश्शाहून थोडे जास्त मतदारही एकजुटीनं आपला माणूस हमखास निवडून आणतात. तेही आरक्षणाशिवाय!

पुढच्याच वर्षी त्यांचं निधन झालं. अप्रकाशित कागदपत्रं दिल्लीत पेट्यांत वर्षानुवर्षं पडून राहिली. वसंत मून यांनी संपादित केलेला राज्य सरकारचा पहिला खंड आला १९७९ मध्ये. १९१९ ची साक्ष आणि १९५५ चं पुस्तक, दोन्ही त्यात आहेत.