रघुनाथ धोंडो कर्वे : गोळीच्या आधीचा माणूस

डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई : मुंबईतील एका गणिताच्या प्राध्यापकाने १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र उघडले. त्याच वर्षाच्या मार्च महिन्यात मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये असेच केंद्र सुरू केले होते. लंडनच्या केंद्राची नोंद जगाच्या इतिहासात ठळकपणे झाली. मुंबईच्या केंद्रापायी मात्र त्याच्या संस्थापकाला चार वर्षांत नोकरी सोडावी लागली. त्या प्राध्यापकाचे नाव रघुनाथ धोंडो कर्वे.

डिस्कव्हरी गार्डन्समधील मराठी कुटुंबांना या नावाची आठवण करून देण्यास कारण आहे. झेन, मुघल, मेडिटेरेनियन अशा नावांच्या समूहांत विभागलेली ही ठेंगण्या इमारतींची वसाहत मुख्यतः एका खोलीच्या घरांची आहे आणि तिथे नवविवाहित भारतीय जोडपी पुष्कळ राहतात. सासू, आई, थोरली जाऊ आणि ओळखीचे डॉक्टर समुद्रापलीकडे राहिलेले असतात. मूल केव्हा हवे याचा विचार दोघांनीच करायचा असतो, आणि पुष्कळदा तो रात्र उलटल्यावर, घाबरलेल्या मनाने केला जातो. तो आधी, शांतपणे आणि पूर्ण माहितीनिशी करता यावा, म्हणून कर्व्यांनी आयुष्य खर्ची घातले.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणातील मुरूडचा. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते ज्येष्ठ चिरंजीव. नऊ वर्षांचे असताना, १८९१ मध्ये, त्यांच्या आई राधाबाई बाळंतपणात वारल्या. या घटनेचा त्यांच्या पुढील कार्याशी थेट संबंध जोडण्याचा मोह चरित्रकारांना होतो. तो आवरलेला बरा, कारण त्या काळी बाळंतपणात आई गमावलेली मुले घरोघरी होती आणि त्यांतील फारच थोडी या वाटेला गेली. वडिलांनी पुढे गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला आणि मुरूडने त्या कुटुंबावर बहिष्कार घातला. समाजाचा रोष म्हणजे काय, हे मुलाने असे लहानपणीच पाहिले.

१८९९ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले. फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर ते मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. १९१९ मध्ये पुढील अभ्यासासाठी ते पॅरिसला गेले आणि तेथून गणिताच्या पदविकेबरोबर कामशास्त्र व संततिनियमन यांवरील युरोपीय विचारही घेऊन आले. परतल्यावर विल्सन महाविद्यालयात नोकरी मिळाली. ते मिशनऱ्यांचे महाविद्यालय होते, आणि तिथला प्राध्यापक गर्भ टाळण्याच्या साधनांविषयी उघडपणे बोलतो, लिहितो, १९२३ मध्ये त्यावर ‘संततिनियमन : आचार व विचार’ हे पुस्तक काढतो, हे चालकांना मानवणारे नव्हते. १९२५ साली त्यांना राजीनामा द्यावा लागला. कार्य थांबवा किंवा नोकरी सोडा, असा तो सरळ हिशोब होता.

पुढची वर्षे ओढगस्तीची. या काळात मालतीबाईंची साथ नसती, तर काहीच तगले नसते. स्वतःला मूल होऊ द्यायचे नाही, हा निर्णय दोघांनी मिळून घेतला आणि पाळला. निपुत्रिक बाईला त्या काळच्या मुंबईत काय ऐकून घ्यावे लागत असेल, याची कल्पना मराठी वाचकाला द्यावी लागत नाही.

त्या काळी साधने तरी कोणती होती? रबरी टोप्या, स्पंज, शुक्रजंतुनाशक द्रव्ये आणि पुरुषांसाठी निरोध. गोळी नव्हती. यांतील स्त्रीने वापरायचे प्रत्येक साधन संबंधापूर्वी बसवावे लागे; म्हणजे तिला आपल्या शरीराची रचना आधी समजून घ्यावी लागे. कर्व्यांचा सगळा भर या समजण्यावर होता. त्यांच्या दृष्टीने संततिनियमन हा केवळ लोकसंख्येचा प्रश्न नव्हता. स्त्रीला कामसुखाचा पुरुषाइतकाच अधिकार आहे आणि गर्भाच्या धास्तीने तो हिरावला जातो, असे ते मानत. महात्मा गांधींचा उपाय ब्रह्मचर्याचा होता. कर्व्यांना तो अव्यवहार्यच नव्हे, तर अनारोग्यकारकही वाटे आणि त्यांनी तसे निर्भीडपणे लिहिले.

लिहिण्यासाठी त्यांनी स्वतःचे मासिक काढले. ‘समाजस्वास्थ्य’चा पहिला अंक १५ जुलै १९२७ रोजी निघाला. संपादक, लेखक, व्यवस्थापक बहुधा तेच. मुखपृष्ठावरच्या नग्न चित्रांनी गहजब झाला, परंतु मासिकाचा खरा प्राण वाचकांच्या प्रश्नोत्तरांत होता. घरात, डॉक्टरांपुढे, मित्रांतही जे विचारता येत नसे, ते लोक कर्व्यांना पत्राने विचारीत आणि त्याला छापील, सरळ, शास्त्रीय उत्तर मिळे.

याच उत्तरांनी त्यांना न्यायालयात नेले. १९३१ मध्ये व्यभिचारावरील एका लेखाबद्दल अश्लीलतेचा खटला होऊन शंभर रुपये दंड झाला. १९३४ मध्ये दुसरा खटला वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून भरला गेला. त्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते आपोआप अश्लील होते, हा समज बाबासाहेबांनी खोडून काढण्याचा प्रयत्न केला. २४ एप्रिल १९३४ रोजी खटला हरला. दंड दोनशे रुपये. तरीही मासिक निघत राहिले. चार वर्षांनी, नोव्हेंबर १९३८ मध्ये, संततिनियमनाची साधने सरकारने उपलब्ध करावीत असा ठराव आंबेडकरांच्या पक्षातर्फे मुंबईच्या विधिमंडळात आला आणि फेटाळला गेला.

ऑक्टोबर १९५१ मध्ये मेक्सिको शहरातील एका प्रयोगशाळेत नॉरएथिस्टेरॉन हे कृत्रिम संप्रेरक तयार झाले. गर्भनिरोधक गोळीचा मार्ग ज्या थोड्या शोधांनी मोकळा केला, त्यांतील हा एक. कर्वे तेव्हा हयात होते, पण ही गोळी १९६० मध्ये अमेरिकेत मान्य होईपर्यंत ते राहिले नाहीत. तोंडाने घेण्याची, पुरुषाला न विचारताही घेता येणारी ही गोळी त्यांनी पाहिली असती, तर तिचे स्वागत करून लगेच आकडे मागितले असते, असे मानायला हरकत नाही.

आकड्यांतच आज मोठी गफलत होते. नियमित गोळ्यांच्या पाकिटात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन या दोन संप्रेरकांच्या अल्प मात्रा असतात. भारत सरकारच्या ‘माला-डी’चे उदाहरण घ्यावे : २१ गोळ्या संप्रेरकांच्या, उरलेल्या सात लोहाच्या, प्रत्येक संप्रेरक-गोळीत लिव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम. रोज ठरल्या वेळी घेतल्यास स्त्रीबीज बाहेरच पडत नाही. आपत्कालीन गोळीत तेच लिव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम, म्हणजे दसपट, एकदम घेतले जाते. ती स्त्रीबीज बाहेर पडणे लांबवते. ते आधीच बाहेर पडले असेल, तर तिचा फारसा उपयोग नाही. आणि गर्भ रुजला असेल, तर ती त्याला धक्का लावत नाही. ती गर्भपाताची गोळी नव्हे. हा गैरसमज अजून सुशिक्षित घरांतही आढळतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९८ मधील अभ्यासात पहिल्या २४ तासांत ही गोळी घेतलेल्या स्त्रियांत अपेक्षित गर्भधारणांपैकी ९५ टक्के टळल्या. ४९ ते ७२ तासांनी घेतली तेव्हा हे प्रमाण ५८ टक्क्यांवर आले. नियमित गोळ्यांचा आकडा वेगळ्या पद्धतीने मोजतात : एक वर्ष काटेकोरपणे घेतल्यास शंभरांत एकीपेक्षाही कमी जणींना दिवस जातात, आणि प्रत्यक्षात, विसराविसरी धरून, सुमारे सात जणींना. पहिला आकडा एका प्रसंगाचा, दुसरा अख्ख्या वर्षाचा. ९५ आणि ९३ शेजारी मांडून दोन्ही सारख्याच म्हणणे, ही गणिताच्या प्राध्यापकाने लाल शाईने खोडली असती अशी चूक आहे. महिन्यात चार वेळा आपत्कालीन गोळीवर विसंबणारी स्त्री ते जोखीम चार वेळा पत्करते. शिवाय गोळीनंतरच्या पुढच्या संबंधाला तिचे संरक्षण नसते.

एकदा घेतल्याने या गोळीचा सहसा कायमचा अपाय होत नाही. मळमळ, डोकेदुखी, पुढची पाळी मागेपुढे होणे, इतकेच. दोन तासांच्या आत उलटी झाली, तर पुन्हा घ्यावी लागते. पाळी आठवड्याहून अधिक लांबली, तर चाचणी करावी. क्षयाची व अपस्माराची काही औषधे तिचा प्रभाव कमी करतात. युलिप्रिस्टल ही दुसरी गोळी पाच दिवसांपर्यंत चालते, आणि त्याच मुदतीत डॉक्टरांकडून बसवलेली तांबी सर्वांहून खात्रीची ठरते. ती पुढे कित्येक वर्षे कामही करते. नियमित गोळ्यांचे पथ्य निराळे : पस्तिशीपुढच्या धूम्रपान करणाऱ्या, उच्च रक्तदाबाच्या, रक्तात गुठळी होऊन गेलेल्या, डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा दिसून अर्धशिशी उठणाऱ्या, तसेच नुकत्याच बाळंत होऊन अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी डॉक्टरांशिवाय त्या सुरू करू नयेत. गुप्तरोगांपासून यांतील एकही साधन वाचवत नाही. ते काम निरोधचे. भारतात औषधाच्या दुकानी सहज मिळणारी गोळी अमिरातीतही तशीच मिळेल, किंवा सामानातून आणलेली चालेल, हे गृहीत धरू नये. येथील डॉक्टरांकडे अथवा फार्मसीत आधीच चौकशी केलेली चांगली.

रघुनाथरावांची शेवटची वर्षे एकाकी गेली. मालतीबाई १९४४ मध्ये वारल्या. नात्यातल्या शकुंतला परांजपे यांनी मात्र त्यांचे काम पुढे चालवले होते. त्यांनी १९३८ पासून पुण्यात संततिनियमनाचा प्रचार केला आणि पुढे तो विषय राज्यसभेपर्यंत नेला. १९५२ मध्ये स्वतंत्र भारताने कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम हाती घेतला. ज्या कामासाठी त्यांची नोकरी गेली, ते आता राष्ट्राचे धोरण झाले होते. वृद्ध महर्षींच्या वाट्याला पुढे भारतरत्न आले, तेव्हा त्यांचा थोरला मुलगा जाऊन चार वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

१४ ऑक्टोबर १९५३ रोजी रघुनाथराव गेले. ‘समाजस्वास्थ्य’चा नोव्हेंबरचा अंक त्यांच्यामागे निघाला. त्यानंतर मासिक बंद पडले.