शंख-शिंपल्यांचा कुंभार

समुद्रकिनाऱ्यावरून परतणाऱ्या माणसाच्या मुठीत एखादा तरी शिंपला असतोच. घरी आल्यावर तो कपाटाच्या कोपऱ्यात पडून राहतो आणि हळूहळू विसरला जातो. सोळाव्या शतकातील फ्रान्समध्ये एका कुंभाराने मात्र शिंपल्यांचे साचे घेतले, त्यांचे रूप मातीत उतरवले आणि त्यावर रंगीत झिलई चढवली. हे काम करता करताच त्या शिंपल्यांनी त्याला पृथ्वीच्या इतिहासाविषयी असे काही शिकवले, की जे त्या काळच्या पंडितांना मान्य नव्हते. या कुंभाराचे नाव बर्नार पालिसी.

पालिसीचा जन्म १५१० च्या सुमारास नैर्ऋत्य फ्रान्समध्ये झाला. घरची स्थिती बेताचीच होती. लॅटिन आणि ग्रीक या विद्वानांच्या भाषा त्याला कधीच शिकता आल्या नाहीत. तरुणपणी त्याने खिडक्यांच्या काचांवर चित्रे रंगवण्याचा धंदा शिकून घेतला आणि काम शोधत तो देशभर हिंडला. १५३९ च्या सुमारास अटलांटिक किनाऱ्यापासून फार दूर नसलेल्या सँत या गावी त्याने बिऱ्हाड थाटले. काचचित्रांची मागणी आटत चालली होती. त्यामुळे लोकांची चित्रे काढणे, जमिनीची मोजणी करणे अशी मिळतील ती कामे करून तो बायकामुलांचे पोट भरत असे.

अशातच एक दिवस कुणीतरी त्याला मातीचा एक पेला दाखवला. चाकावर घडवलेल्या त्या पेल्यावर शुभ्र झिलई होती. तो पेला इतका देखणा होता, की त्याच क्षणी पालिसीच्या आयुष्याची दिशा बदलली. ही झिलई आपण शोधून काढायची, असे त्याने ठरवले. वस्तुतः त्याला मातीकामाचे काडीचेही ज्ञान नव्हते. कोणती माती भट्टीत टिकते, भट्टी कशी रचतात, तिला किती ताव द्यावा लागतो, यांतले काहीच त्याला ठाऊक नव्हते. अंधारात चाचपडणाऱ्या माणसासारखी त्याची सुरुवात झाली.

तो मडकी विकत आणी, फोडून त्यांच्या खापऱ्या करी, निरनिराळी द्रव्ये कुटून त्यांवर लावी आणि भट्टीत घाली. स्वतःच्या भट्टीत जमेना, तेव्हा तो खापऱ्या दूरच्या कुंभारांकडे पाठवू लागला. तेथेही अपयशच आले, कारण साध्या मडक्यांच्या भट्टीचा ताव झिलई वितळण्यास पुरत नव्हता. अखेर पैसे संपले आणि त्याला हा नाद काही काळ बाजूला ठेवावा लागला. १५४३ मध्ये मिठावरील कराच्या निमित्ताने सरकारने त्याला सेंतोंज किनाऱ्यावरील मिठागरांची मोजणी करून नकाशा काढण्याचे काम दिले. या कामामुळे त्याच्या हातात चार पैसे आले आणि किनाऱ्याचा तो सारा प्रदेशही जवळून पाहता आला. काम संपताच तो पुन्हा भट्टीकडे वळला.

आता त्याने काचकारखान्यातील अधिक तापणारी भट्टी गाठली. तेथे काही मिश्रणे वितळू लागली, तेवढ्याने त्याला धीर आला. पुढे आणखी दोन वर्षे गेली. एकदा तो तीनशेहून अधिक नमुने घेऊन गेला. त्यांतील एक खापरी चार तासांत वितळली आणि थंड झाल्यावर पांढरीशुभ्र, चकचकीत दिसली. जणू आपला पुनर्जन्म झाला, असे त्याला वाटले. वास्तविक खरी परीक्षा येथूनच सुरू होणार होती.

खापरीवर साधलेली झिलई भांड्यांवर चढवण्यासाठी त्याने स्वतःची भट्टी बांधायला घेतली. मजूर लावण्याची ऐपत नव्हती. विटा पाठीवर वाहून आणणे, गारा कालवणे, पाणी भरणे हे सारे त्याने एकट्याने केले. भट्टी पेटवल्यावर सहा दिवस आणि सहा रात्री तो दोन्ही तोंडांतून लाकडे सारत राहिला, पण झिलई वितळेना. नवे मिश्रण वाटून त्याने पुन्हा आग चढवली. लाकडे संपली, तेव्हा बागेतील खुंटवळ्या जाळल्या. त्याही संपल्यावर घरातील टेबले आणि जमिनीच्या फळ्या उखडून त्याने भट्टीत घातल्या.

या आगीतून हाती काय लागले यापेक्षा गावात काय बोलले गेले, तेच पालिसीच्या मनात अधिक खोल रुतले. कुणी त्याला वेडा ठरवले, तर कुणी तो खोटी नाणी पाडतो अशी आवई उठवली. मदतीला घेतलेल्या कुंभाराची मजुरी देण्यासाठी त्याला अंगावरचे कपडे द्यावे लागले. भट्टीवर छप्पर नसल्याने पावसापाण्यात रात्ररात्र जागावे लागे. पायाच्या पोटऱ्या इतक्या वाळल्या, की मोजे घसरून टाचेशी येत. घरी पत्नीचा संताप वाढत चालला होता. ही सारी हकिकत आज उपलब्ध आहे ती पालिसीच्याच लेखणीतून, तीही बऱ्याच वर्षांनी लिहिलेली. पत्नीची बाजू कुणी लिहून ठेवली नाही. परंतु पोराबाळांच्या तोंडचा घास भट्टीत जाताना पाहणाऱ्या त्या स्त्रीचा राग अनाठायी होता, असे कोण म्हणेल?

पुढच्या एका भाजणीत तर हातातोंडाशी आलेला घास गेला. भट्टीच्या लिंपणात गारगोटीचे खडे होते. ताव चढताच ते फुटले आणि त्यांच्या कपच्या वितळलेल्या झिलईत रुतून बसल्या. भांडी एरवी सुरेख उतरली होती. स्वस्तात का होईना, ती घेण्यास लोक तयार होते आणि दारात सावकार उभे होते. तरीही सदोष माल विकून आपले नाव खाली आणायचे नाही, म्हणून पालिसीने ती सगळी भांडी फोडून टाकली. घरच्यांना आणि शेजाऱ्यांना हा शुद्ध वेडेपणा वाटला.

या कहाणीत एक विलक्षण विसंगती आहे. ज्या शुभ्र झिलईसाठी त्याने एवढे सोसले, ती मुळात अज्ञात नव्हतीच. शिसे आणि कथील यांच्या मिश्रणाची ही कृती इटलीत घरोघरच्या कुंभारांना माहीत होती. फ्रान्समध्येही रुआँ शहरात मासेओ आबाकेन त्याच काळात तशा झिलईच्या फरशा बनवत होता. तेव्हा पालिसीचे मोठेपण त्या शुभ्र झिलईत नाही. त्या शोधाने त्याला माती, धातू आणि अग्नी यांची जी खोल ओळख करून दिली, तिच्यातून पुढे जे निपजले त्यात ते आहे.

पंधरा-सोळा वर्षांच्या उमेदवारीनंतर त्याने स्वतःची अशी एक शैली घडवली. मोठ्या लंबवर्तुळाकृती तबकात मधोमध साप वेटोळे घालून बसलेला, भोवती पाण्याचा प्रवाह, त्यात मासे, खेकडे, बेडूक आणि कडेने शंख, शिंपले, नेचाची पाने असे हे काम असे. हे प्राणी नजरेने पाहून घडवलेले नसत. खऱ्या प्राण्यावर प्लास्टर ओतून साचा घेतला जाई आणि त्या साच्यात माती दाबली जाई. त्यामुळे माशाचा खवला न् खवला आणि शिंपल्याची रेघ न् रेघ मातीत उमटे. नंतर प्रत्येक प्राण्याला त्याच्या रंगाची झिलई द्यावी लागे आणि खरी अडचण तेथेच होती. प्रत्येक रंगाचा वितळण्याचा ताव वेगळा असतो. सुरुवातीला सापाचा रंग वितळण्याआधीच सरड्याचा हिरवा जळून जाई. सगळे रंग एकाच आगीत एकाच वेळी पिकावेत, अशी मिश्रणे जुळवण्यात त्याची कित्येक वर्षे गेली.

फ्रान्सचा बलाढ्य सेनापती आन द मोंमोरांसी याच्या नजरेत हे काम भरले. त्याने पालिसीकडे एक कृत्रिम गुहाच बनवायला दिली. तिच्या भिंतींवर झिलईचे जलचर असावेत, त्यांवरून पाणी झुळझुळत राहावे आणि ओल्या चकाकीत ते हलत असल्याचा भास व्हावा, अशी ती कल्पना होती. दरम्यान, पालिसी प्रॉटेस्टंट झाला होता आणि कॅथलिक फ्रान्समध्ये तो गुन्हा ठरत होता. १५६२ च्या धर्मयुद्धाच्या धामधुमीत त्याला अटक झाली आणि बोर्दोच्या तुरुंगात नेण्यात आले. मोंमोरांसीने राजमाता कातरीन द मेदिची हिच्याकडे शब्द टाकला. पालिसीला राजाचा कारागीर असा किताब मिळाला आणि त्या आधारावर त्याची सुटका झाली. पुढे तो पॅरिसला गेला. राजमातेच्या त्युलेरी राजवाड्याच्या बागेत त्याची कार्यशाळा उभी राहिली. तेथील गुहेच्या कामात १५७० मध्ये निकोला आणि मातुराँ पालिसी हे त्याच्या घरचेच दोघे त्याच्याबरोबर होते.

१५७२ मध्ये पॅरिसमध्ये प्रॉटेस्टंटांचे भीषण हत्याकांड झाले. पालिसी त्यातून वाचला आणि सीमेवरील सदां या गावी आश्रयाला गेला. १५७५ मध्ये मात्र तो पुन्हा पॅरिसमध्ये होता, तेही चक्क व्याख्याता म्हणून. चौकाचौकांत त्याने जाहिराती लावल्या. प्रवेशासाठी एक सोन्याचे नाणे आकारले. आपले सांगणे कुणी खोटे ठरवले तर चौपट रक्कम परत देण्याची हमीही दिली. श्रोत्यांत नावाजलेले वैद्य आणि विद्वान असत. शल्यविद्येतील थोर नाव, आंब्रवाझ पारे, हाही त्यांत होता.

व्याख्यानांचा एक विषय होता दगडात सापडणारे शिंपले. डोंगरांवर समुद्री शिंपले कसे आले, याचे उत्तर त्या काळी सोपे समजले जाई. कुणी म्हणे, तो निसर्गाचा खेळ आहे. कुणी म्हणे, ते बायबलमधील महापुराने वाहून आणले. पालिसीला दोन्ही पटत नव्हते. ज्याने शेकडो शिंपल्यांचे साचे हातांनी घेतले होते, त्याला खरे कवच आणि दगडातील कवच यांच्या रेघा तंतोतंत जुळतात हे दिसत होते. हे जीव जेथे सापडतात तेथेच पाण्यात जगले, तेथेच मेले आणि क्षारांमुळे त्यांचा दगड झाला, असे त्याने ठामपणे मांडले. झरे आणि नद्या यांचे पाणी समुद्रातून भूमिगत वाटांनी येत नसून ते जमिनीत मुरलेले पावसाचेच पाणी असते, हेही त्याने सांगितले. त्याच्या सगळ्याच कल्पना आजच्या कसोटीवर टिकत नाहीत, पण हे दोन निष्कर्ष टिकले. १५८० मध्ये त्याने हे विचार संवादरूपाने प्रसिद्ध केले. त्या संवादात शास्त्र आणि अनुभव ही दोन पात्रे आहेत. शास्त्र प्रश्न विचारते आणि अनुभव त्याला शिकवतो.

अखेरची वर्षे कठोर गेली. १५८५ मध्ये राजाज्ञेने प्रॉटेस्टंट धर्माचरणावर बंदी आली. पालिसीला पुनःपुन्हा अटक झाली आणि १५८८ नंतर तो बाहेर आलाच नाही. धर्म सोडला असता, तर जीव वाचला असता. त्याने तो सोडला नाही. तिसरा हेन्री राजा त्याला बॅस्टिलच्या कोठडीत भेटायला गेल्याची कथा प्रसिद्ध आहे, पण इतिहासकार ती खरी मानत नाहीत. भूक, थंडी आणि हालअपेष्टा यांनी १५९० मध्ये, सुमारे ऐंशीव्या वर्षी, तो कोठडीत मरण पावल्याची नोंद त्याचा स्नेही, रोजनिशीकार पिएर द लेत्वाल याने केली आहे. मरताना या कुंभाराने त्याच्यासाठी ठेवलेली भेट होती दगडांची. त्यांतील एक दगड म्हणजे काळाच्या ओघात दगड झालेली कवटी, असे पालिसी मानत असे.

अठराव्या शतकात फोंतनेलसारख्या विद्वानांनी त्याच्या जीवाश्मविचाराची थोरवी ओळखली. एकोणिसाव्या शतकात तूर गावच्या शार्ल आविसोने त्याच्या धर्तीची तबके पुन्हा घडवली. सॅम्युएल स्माइल्सने १८५९ मधील आपल्या स्वावलंबनावरील ग्रंथात घरातील सामान जाळणारा पालिसी जगभर पोहोचवला. भारतातील इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांनीही ते पुस्तक वाचले. परंतु जळालेल्या टेबलांच्या त्या कथेत शिंपले मागे पडले.

त्याच्या गुहा आज उभ्या नाहीत. त्याच्या नावावर दाखवल्या जाणाऱ्या तबकांपैकी बरीचशी अनुयायांची आहेत. मात्र १९८० च्या दशकात लूव्रच्या परिसरात झालेल्या उत्खननात त्याच्या कार्यशाळेचे साचे आणि तुकडे मोठ्या संख्येने निघाले. पॅरिसजवळील एकुआँ येथे, एकेकाळी मोंमोरांसीचा असलेल्या वाड्यात, आता रेनेसाँचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. तेथेही पालिसीचे काम पाहता येते. अभ्यासकांनी त्याच्या धर्तीच्या तबकांवरील शंख-शिंपले तपासले, तेव्हा त्यांतील अनेक पॅरिस परिसरातील खडकांत सापडणाऱ्या जीवाश्मांचे असल्याचे आढळले. ज्या दगडी शिंपल्यांना तो एकेकाळचे जिवंत प्राणी म्हणत होता, त्यांचेच साचे त्याच्या कार्यशाळेत मातीवर उमटत होते.