माराकाइबोचा विजय आणि अ‍ॅडमिरल पादिया यांची शोकांतिका

दक्षिण अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा इतिहास बहुधा अँडीज पर्वत ओलांडणाऱ्या सैन्यांच्या पराक्रमातून सांगितला जातो. व्हेनेझुएलाच्या स्वातंत्र्याची निर्णायक लढाई मात्र २४ जुलै १८२३ रोजी माराकाइबो सरोवराच्या पाण्यावर झाली. त्या विजयाचे शिल्पकार होसे प्रुदेन्सिओ पादिया यांना ते ज्या प्रजासत्ताकासाठी लढले, त्यानेच पाच वर्षांनी मृत्युदंड दिला.

आजच्या कोलंबियातील रिओआचा या किनारी गावी १७८४ मध्ये पादिया यांचा जन्म झाला. वडील आफ्रिकी वंशाचे, होड्या बांधणारे कारागीर. आई स्थानिक आदिवासी वंशाची. वर्णभेदाच्या त्या काळात पादिया स्पॅनिश आरमारात शिरले, १८०५ मध्ये ट्राफल्गारच्या लढाईत लढले आणि इंग्रजांचे युद्धकैदी झाले. मायदेशी परतल्यावर त्यांनी स्वातंत्र्याचा पक्ष घेतला आणि १८१६ मध्ये हैतीहून निघालेल्या सिमोन बोलिव्हार यांच्या मोहिमेत ते सामील झाले.

१८२३ मध्ये माराकाइबो शहर स्पॅनिश सेनापती मोरालेस यांच्या ताब्यात होते. मे महिन्यात पादिया यांनी किल्ल्याच्या तोफांचा मारा सोसत, सरोवराच्या उथळ मुखातून आपली गलबते आत घातली. २४ जुलैच्या दुपारी वारा अनुकूल होताच त्यांनी किनाऱ्यालगत नांगरलेल्या स्पॅनिश जहाजांवर चाल केली. काही तासांतच शत्रूचे आरमार मोडले आणि ३ ऑगस्टला मोरालेस यांनी शरणागती पत्करली. विजयाचा तो दिवस बोलिव्हार यांचा चाळिसावा जन्मदिवसही होता.

पुढे सत्तासंघर्ष विकोपाला गेला. १८२८ मध्ये कार्ताहेना येथील उठावाच्या आरोपावरून पादिया बोगोटाच्या तुरुंगात होते. २५ सप्टेंबरच्या रात्री बोलिव्हार यांच्या हत्येचा कट फसला. कटवाल्यांनी पादिया यांना तुरुंगातून सोडवले होते. त्यामुळे तेही दोषी ठरले. २ ऑक्टोबरला त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्याच प्रकरणात जनरल सान्तान्देर यांची मृत्युदंडाची शिक्षा मात्र हद्दपारीत बदलली गेली. वर्णाने वेगळ्या सेनानीला एक न्याय आणि उच्चभ्रूला दुसरा, ही विसंगती बोलिव्हार यांनाही जाचली. त्याच वर्षीच्या एका पत्रात त्यांनी खंत नोंदवली.

१८३१ मध्ये पादिया यांचा सन्मान अधिकृतपणे पुनःस्थापित झाला. आज कार्ताहेना येथील कोलंबियाच्या नौदल अकादमीला त्यांचेच नाव आहे.