घरदार सोडलेला जमीनदार : वीर बाबूराव शेडमाके

माउलीहो, आषाढीला आपण घर सोडतो, अन् महिन्याभरात परत येतो. आपल्याच रानातल्या एका माणसानं घर सोडलं ते परतायसाठी नाही.

बाबूराव पुल्लेसूर शेडमाके. जन्म १२ मार्च १८३३, अहेरीकडच्या किष्टापुरात. वडील पुल्लेसूर बापू मोलमपल्लीचे जमीनदार, आई जुर्जाकुंवर. राजगोंड घराणं. लहानपणी गोटुलात तीरकामठा शिकले, मग वडिलांनी रायपूरला इंग्रजी शाळेत धाडलं. परत आल्यावर राजकुंवरशी लग्न झालं. जमीन, मान, माणसं, कशाला कमी नव्हतं. बसून खाल्लं असतं तरी कोणी बोट दाखवलं नसतं.

पण १८५४ मध्ये चांदा इंग्रजांकडे गेला अन् गोरगरिबांचे हाल त्यांना पाहवले नाहीत. १८५७ ला त्यांनी गोंड, माडिया अन् रोहिले एकत्र करून जंगोम सेना उभारली. जातीचा भेद मानला नाही. मार्च १८५८ मध्ये राजगड घेतला.

शेवटी घात परक्यानं नाही, जवळच्यांनीच केला. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंच्या माणसांनी त्यांना धरून इंग्रजांच्या हवाली केलं. २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात पिंपळाखाली फाशी दिलं. वय अवघं पंचवीस. राजकुंवरचा संसार उघडा पडला.

ते वारकरी नव्हते. पण दुसऱ्याचं दुःख आपलं मानणं, हीच तर आपली शिकवण. चंद्रपूरला गेलात तर त्या पिंपळाला हात जोडा.